आधी प्लग, मग बोट

कोयनेच्या पाण्यावर साधारण १,९६० मेगावॉट वीज तयार करण्याची यंत्रणा उभी आहे. धरणामागे अडवलेलं हे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळतं, कोकणाच्या अंगाला पावणेपाचशे मीटर खाली येतं, पोफळीला टर्बाइन फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळतं. आणि त्याच शिवसागर जलाशयावर, बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला पर्यटक नेणाऱ्या बोटी मात्र चालतात पेट्रोल-डिझेलवर. इंधन विकत घ्यायचं, घाटातून गाडीने आणायचं आणि राज्याला वीज देणाऱ्या तलावावर जाळायचं, असा हा व्यवहार आहे.

माझी नोकरी पोफळीला झाली. अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचं, पाळीच्या बसने डोंगराच्या आतल्या वीजगृहात जायचं. गाव मात्र जावळी तालुक्यातलं, जलाशयाच्या काठचं. आमची जुनी भातखाचरं पाण्याखाली आहेत. पुतण्याची बोट आहे. निवृत्त होऊन गावी आलो तसा त्याने धोशाच लावला, ‘‘काका, तुम्ही जन्मभर वीज केली, आता आमच्या बोटीला विजेवर चालवून दाखवा.’’ आणि पाठोपाठ त्याचाच दुसरा प्रश्न, ‘‘पण मधेच बॅटरी मेली तर वल्हं कोण मारणार?’’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बॅटरीवरची बोट म्हटलं की लोक एकदम टोकाला जातात. एकजण म्हणतो उद्यापासून सगळं विजेवर. दुसरा म्हणतो हे आपल्याकडे शक्य नाही. माझं म्हणणं या दोघांपेक्षा निराळं आहे. कुठलं इंधन चांगलं हा प्रश्नच आधी विचारू नये. बोट रोज कुठून कुठे जाते, किती वेगाने जाते आणि रात्री कुठे बांधली जाते, हे विचारावं. या तीन उत्तरांवर इंधन आपोआप ठरतं.

पाण्यात वेग फार महाग

रस्त्यावर गाडीने एकदा वेग घेतला की सपाटीवर तिला फारशी ताकद लागत नाही. पाण्यात तशी सवलत नाही. इंजिन मंद झालं की बोट लगेच ओढल्यासारखी थांबते. शिवाय बोट चालताना स्वतःच लाट उभी करते आणि वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की पुढे नाळ उचलली जाते, मागची बाजू खाली बसते आणि बोट स्वतःच उभ्या केलेल्या लाटेवर चढ चढू लागते. पाण्याला आठ मीटर लांबीने टेकलेल्या बोटीला ही वेस ताशी बारा-तेरा किलोमीटरच्या आसपास लागते. ती ओलांडायची तर ताकद भरमसाट वाढवावी लागते. स्पीडबोट तेच करते: पाण्यातून वर निघून पृष्ठभागावरून घसरत जाते आणि त्याची किंमत इंधनात मोजते.

या वेशीच्या अलीकडेही हिशेब कडकच आहे. ढोबळ नियम असा, की लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. उलटून पाहा: वेग निम्मा केला तर ताकद एक अष्टमांश लागते, वेळ दुप्पट लागतो, म्हणजे त्याच अंतराला एकूण ऊर्जा पाव भागात भागते. विजेवरच्या बोटीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

पुतण्याचा यावर विश्वास नव्हता. मग आम्ही त्याच्या इंधनाच्या कॅनवर मार्करने लिटरच्या खुणा केल्या, मोबाइलवर वेग दाखवणारं जीपीएस लावलं आणि एका ठरलेल्या झाडापासून दुसऱ्या काठावरच्या कातळापर्यंत बोट नेली. एकदा त्याच्या नेहमीच्या वेगाने, एकदा थ्रॉटल बरंच खाली घेऊन. परत आल्यावर कॅन सपाट फळीवर ठेवला, पेट्रोल स्थिर होऊ दिलं आणि खुणा पाहिल्या. सावकाश फेरीला जवळपास निम्मंच पेट्रोल गेलं होतं. वेळ थोडा जास्त लागला, पण बोटीत बसलेल्या कुणाचीही तक्रार नव्हती. वासोट्याला जाणारा माणूस त्या पाण्यावर घाईने निघालेला नसतो. बोटीचा प्रवास हा त्याच्या सहलीचाच भाग असतो.

१९०९ साली सुटलेलं कोडं

माझी लेक म्युनिकला असते. तिकडे गेलो असताना तिने एकदा क्योनिग्सझे या तलावावर नेलं. जर्मनीच्या पार दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, उभ्या कड्यांच्या मधे अडकलेलं ते अरुंद पाणी. सुमारे आठ किलोमीटर लांब आणि १९० मीटर खोल. आसपासचा मुलूख राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथल्या प्रवासी बोटी विजेवर चालतात, आणि ही गोष्ट कालपरवाची नाही. १९०९ पासून चालतात.

लाकडी बाकांची लांब बोट होती. सुटली ते कळलंच नाही. धक्का मागे सरकताना दिसला तेव्हा लक्षात आलं. शेजारच्या बाकावरच्या आजीबाई नातवाशी हळू आवाजात बोलत होत्या, तेही ऐकू येत होतं. तलावाच्या मध्यावर एका उंच कड्यासमोर बोटवाल्याने बोट थांबवली, दार उघडलं, तुतारीसारखं पितळी वाद्य काढलं आणि चार सूर वाजवले. क्षणभराने कड्याने ते जसेच्या तसे परत दिले. आमच्या पुतण्याचं आउटबोर्ड इंजिन घरघरत असतं तर हा कार्यक्रम होऊच शकला नसता.

एवढ्या लवकर वीज तिथे आली ती पर्यावरणाच्या काळजीपोटी नव्हे. बव्हेरियाचे राजप्रतिनिधी लुइटपोल्ड यांना शिकारीचा नाद होता आणि इंजिनांच्या आवाजाने सावज बिथरू नये अशी त्यांची इच्छा होती. कारण काहीही असो, पद्धत टिकली. बोटी दिवसभर ठरलेल्या धक्क्यांमधे ये-जा करतात आणि रात्री शेडमधे चार्जिंगला लागतात. वर्षानुवर्षं हे काम साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांनी केलं, म्हणजे आपल्या घरच्या इनव्हर्टरला असते त्याच जातीच्या.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: तिथे कुठलंही जादूचं तंत्रज्ञान नव्हतं. अंतर ठाऊक होतं, वेग बेताचा होता, रात्रीचा मुक्काम ठरलेला होता. तीन प्रश्नांची तीन पक्की उत्तरं.

विजेची बोट त्याहूनही जुनी. रशियात सेंट पीटर्सबर्गला मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ च्या सुमाराला नेवा नदीवर माणसं बसवून विजेवर बोट चालवली होती. १८८१ मधे पॅरिसच्या सेन नदीवर ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने सुकाणूलाच मोटार आणि पंखा जोडला. सुकाणू उचललं की मोटारही हातात. म्हणजे आज मालवणपासून बामणोलीपर्यंत बोटीच्या मागच्या फळीला अडकवतात त्या आउटबोर्डाचा पूर्वज पेट्रोलवर नव्हे, विजेवर चालत होता. पुढे लंडनच्या थेम्स नदीवर भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या बोटी आणि त्यांच्यासाठी काठाने चार्जिंगची ठिकाणं झाली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तिथल्या कालव्यांवर अशा ५५ बोटी फिरत होत्या आणि त्यांतून दहा लाखांहून जास्त माणसं हिंडली.

मग हे सगळं गेलं कुठे? क्योनिग्सझेवर विजेची बोट आली त्याच १९०९ मधे अमेरिकेत ओले एव्हिनरूडने पेट्रोलवरचं आउटबोर्ड बाजारात आणलं. हलकं, कुठेही नेता येणारं, आणि इंधन डब्यात. विजेची बोट हरली ती मोटार वाईट होती म्हणून नव्हे, वीज सोबत नेणं कठीण होतं म्हणून.

दहा किलो विरुद्ध पावणेतीनशे किलो

ते अजूनही कठीणच आहे. एक लिटर पेट्रोलमधे साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. छोटं आउटबोर्ड त्यातला फार तर पाव हिस्सा पंख्यापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन पाण्यात आणि धुरात जाते. म्हणजे लिटरमागे दोन युनिट कामाचे धरा. उलट बॅटरीतल्या विजेतला ऐंशी-नव्वद टक्के भाग मोटार पंख्याला देते. तरीही तीस युनिटांची लिथियम बॅटरी जेवढं काम करील तेवढं बारा-तेरा लिटर पेट्रोल करतं. ते पेट्रोल भरतं दहा किलोच्या आतबाहेर. ती बॅटरी पावणेतीनशे किलोच्या घरात. हे कुणी लपवू नये.

आता वासोट्याच्या फेरीला हे लावून पाहू. दहा-बारा माणसांची, आठ-नऊ मीटरची फायबरची बोट. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने जायची तर मोटारीला पाच किलोवॉटच्या आसपास वीज लागेल. जायला दोन तास आणि यायला दोन तास धरले तर वीस युनिट. वाऱ्याला, जादा माणसाला, बॅटरीच्या वयाला म्हणून वर निम्मी शिल्लक ठेवायची: तीस युनिट. पुतण्याच्या वल्ह्याच्या प्रश्नाचं उत्तर या शिलकीत आहे. पावणेतीनशे किलो म्हणजे चार गड्यांचं वजन. ते तळाशी मध्यभागी बसवलं तर बोट डुलतेही कमी. जुनं इंजिन आणि इंधनाचे कॅन गेले, तेवढं वजन उतरलं.

शिवाय या फेरीचा एक स्वभाव आहे. वन खात्याची परवानगी घेऊन बोट सकाळी निघते, मेट इंदवलीच्या बाजूला माणसं उतरतात, जंगलातून किल्ला चढतात, वर जेवतात, उतरतात. तोवर बोट काठाला तासन् तास नुसती उभी असते. छपरावर बारा चौरस मीटर सौर पॅनेल बसलं तर त्याची ताकद सव्वादोन-अडीच किलोवॉट होते आणि लख्ख उन्हाच्या दिवशी ते आठ-दहा युनिट देतं. परतीच्या फेरीची बरीचशी वीज अशी उभ्या उभ्या मिळते. पावसाळ्यात ऊन नसतं खरं, पण पावसाळ्यात वासोट्याची वाटही बंद असते. निसर्गाने आणि वन खात्याने मिळून हे वेळापत्रक जणू सौर बोटीसाठीच लावलंय.

राहिलेली वीज काठावरून घ्यायची. त्याचं एक गणित मी पोफळीच्या सवयीने मांडलं. पावणेपाचशे मीटर उंचीवरून उतरणारं एक घनमीटर पाणी टर्बाइनची झीज-तूट धरून साधारण एक युनिटाहून थोडी जास्त वीज देतं. बोटीची पूर्ण फेरी सौर पॅनेलशिवाय, सगळी काठाच्या विजेवर करायची, तारांतली आणि चार्जरमधली गळती धरायची, तरी लागेल बावीस-तेवीस घनमीटर पाणी. दोन टँकर आणि वर थोडं. ज्या तलावावर बोट दिवसभर फिरते त्यातलं दोन टँकर पाणी त्या फेरीचा खर्च. सावकाश चाललेल्या पेट्रोल बोटीलासुद्धा त्याच फेरीसाठी आठ-नऊ लिटर ओतावं लागतं.

धोका कुठे असतो

‘पाण्यात वीज’ म्हटलं की माणसं दचकतात. छोट्या बोटींत बहुधा ४८ व्होल्टची डीसी यंत्रणा वापरतात. एवढ्या दाबाचा शॉक घरच्या २३० व्होल्टांइतका जिवावर बेतत नाही. पण दाब कमी म्हणजे प्रवाह जास्त. पाच किलोवॉटला ४८ व्होल्टवर शंभराहून अधिक अँपिअर वाहतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

केबलच्या टोकाला तांब्याचा लग दाबून बसवतात, तो नट-बोल्टने बॅटरीला आवळतात. हा जोड नीट दाबला नसेल किंवा बोटीच्या हादऱ्याने नट सैल झाला असेल, तर तिथे काही मिलिओहमचा जादा विरोध तयार होतो. पाच मिलिओहम म्हणजे कागदावर नगण्य. पण शंभर अँपिअरला तिथे पन्नास वॉट उष्णता होते, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाएवढी, आणि तीही सुपारीएवढ्या जागेत. आधी लग काळपट होतो, मग केबलचं रबर कडक होऊन तडकतं, मग वास येतो. म्हणून मी पुतण्याला सांगून ठेवलंय: बॅटरी कुठल्याही कंपनीची घे, पण आठवड्याला एकदा पाना घेऊन नट तपास, आणि बोट फेरी मारून आल्याबरोबर, मेन स्विच बंद करून, लगांना पालथा हात जवळ नेऊन बघ. एखादा लग बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्या दिवशी पुढची फेरी नाही.

बॅटरीच्या जातीतही फरक आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट ही जात इतर काही लिथियम बॅटऱ्यांपेक्षा थोडी जड, पण तापल्यावर सहजासहजी भडकत नाही आणि हजारो वेळा चार्ज होऊ शकते. बोटीला हीच बरी. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, बॅटरीच्या जवळात जवळ फ्यूज, आणि बोटवाल्याच्या हाताला येईल असा मेन स्विच, यांत काटकसर नको.

आणि पेट्रोल तरी कुठे निर्धोक आहे? त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साठते आणि ठिणगीची वाट बघते. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात तर पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर पडतं. पाण्यावर जे इंद्रधनुषी तवंग दिसतात ते हेच. शिवसागरातलं पाणी एका अंगाने कराडला कृष्णेला मिळतं, दुसऱ्या अंगाने चिपळूणकडे जातं. दोन्हीकडे ते कुणाच्या तरी पिण्यात येतं.

मग बाकीची इंधनं?

पेट्रोलमधे आता वीस टक्के इथेनॉल येतं. देशासाठी ते चांगलं असेल, पण उभ्या बोटीला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात चार महिने टाकी अर्धी भरून ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि इंजिन पहिलं तेच ओढतं. आउटबोर्डांच्या माहितीपुस्तकांत सहसा दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा असते. तेव्हा वीज येईल तेव्हा येईल. तोवर जूनमधे टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जड. रिक्षात गळला तर खालून निघून जातो, बोटीत तळाशी अडकतो. सीएनजी हलका, गळला तर वर उडून जातो. वाराणसीला गंगेतल्या शेकडो बोटी डिझेलवरून सीएनजीवर नेल्या आणि घाटावर पाण्यातच तरंगता पंप बसवला. तिथे ते जमलं, कारण बोटी हजाराच्या घरात आणि शहरात गॅसची पाइपलाइन. बामणोलीला पाइपलाइन येईपर्यंत आमची पुढची पिढी निवृत्त होईल.

हायड्रोजनची बोटही वाराणसीसाठीच झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेली पन्नास प्रवाशांची ही जोडनौका २०२४ मधे देशापुढे आली. तिच्या धुराड्यातून पाण्याची वाफ येते. पण विजेने हायड्रोजन करा, तो प्रचंड दाबाखाली टाकीत भरा, आणि बोटीत परत त्याची वीज करा, या फेऱ्यात मूळ विजेतली साधारण एकतृतीयांश हाती लागते. बॅटरीत तीनचतुर्थांशाहून जास्त. लांबच्या पल्ल्याच्या मोठ्या जहाजांना हायड्रोजन किंवा तसलं इंधन लागेल. आमच्या चार तासांच्या फेरीला तो द्राविडी प्राणायाम आहे.

जेट-स्की आणि स्पीडबोटींचं उत्तर तेवढंच स्पष्ट. लाटेची वेस ओलांडून पळायचं तर तीस-चाळीस किलोवॉट लागतात. वासोट्याच्या फेरीची दिवसभराची बॅटरी तासाभरात फस्त. यावर एक युक्ती निघाली आहे: बोटीखाली पंख लावून तिला पाण्यातून अधांतरी उचलायचं. स्टॉकहोमला २०२४ पासून तीस प्रवाशांची अशी विजेची फेरीबोट धावू लागली. पण आमच्या जलाशयात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. तिथे पाण्याखाली पंख घेऊन कोण जाणार?

केरळने काय केलं

आपल्या देशात हा प्रश्न केरळने आधी सोडवला. वेंबनाड तलावावर वैकम ते तवणकडवू या तीनेक किलोमीटरच्या मार्गावर जानेवारी २०१७ मधे ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट सुरू झाली. ती बनवणारे संदित तंडाशेरी हे आयआयटी मद्रासचे जहाजबांधणी अभियंते. त्यांनी पॅनेलपासून सुरुवात केली नाही. आधी बोटीचं अंग बदललं. दोन सडपातळ तळ शेजारी शेजारी, वर सपाट छप्पर. सडपातळ तळामुळे लाट कमी उठते, म्हणून दोन मोटारी प्रत्येकी २० किलोवॉटच्या पुरल्या. रुंद छपरामुळे २० किलोवॉटचं पॅनेल मावलं. जुनीच डिझेलची बोट घेऊन तिच्यात मोटार बसवली असती तर हे झालं नसतं. २०२० मधे ‘आदित्य’ला विजेच्या बोटींसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याला नाव त्याच ग्युस्ताव्ह त्रूव्हेचं आहे, सेन नदीवरच्या.

२०२३ च्या एप्रिलमधे कोचीची वॉटर मेट्रो सुरू झाली. शंभर माणसांच्या या बोटी धक्क्याला लागल्या की मिनिटांत बरीच वीज भरून घेतात, आणि अडीनडीला डिझेल जनरेटरही असतो. तिथे मला पटलं ते धक्क्याचं काम. तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, बोटीची आणि चार्जरची पातळी जुळते.

आमची खरी अडचण

कारण आमची अडचण बॅटरी नाहीच. बामणोलीला ऑक्टोबरात पाणी जिथे पायरीला लागतं, तिथे मे महिन्यात नुसता तांबडा उतार असतो. पाणी सिंचनाला आणि वीजनिर्मितीला जातं, जलाशय खाली बसत जातो आणि बोटी पाण्यामागे उतरत जातात. दोन महिन्यांपूर्वीची जेट्टी आता कोरड्यावर. अशा ठिकाणी काठावर सिमेंटचा खांब रोवून त्यावर चार्जर बसवला तर फोटो चांगला येईल, पण त्याची केबल बोटीपर्यंत पोचणार नाही.

त्यावर उपाय आहेत आणि कुठलाही अवघड नाही. प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा तरंगता धक्का करायचा, त्यावर चार्जिंगचे प्लग, आणि काठावरून त्याच्यापर्यंत जाड चिलखती केबल, गुंडाळी सोडत-आवळत येईल अशी. प्रत्येक प्लगला गळती ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी हवंच. इथे ४८ नव्हे, २३० व्होल्ट असतात. घरच्या गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा प्लग रात्रीच्या दहा तासांत तीस युनिट सहज देतो. झटपट चार्जरचा लाखोंचा खर्च नको. पाच बोटी रात्रभर लावायच्या तर पंधरा-सोळा किलोवॉटचा भार. मधल्या आकाराच्या पिठाच्या गिरणीएवढा. त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि पडत्या व्होल्टेजचा बंदोबस्त मात्र हवा. खेड्यात संध्याकाळी दिवे पिवळे पडतात तेव्हा चार्जरही रुसतो.

हे काम एकट्या बोटवाल्याचं नाही. तरंगता धक्का बांधायचा तर जागा जलसंपदा खात्याची, काठापलीकडे जंगल वन खात्याचं, बोटीची तपासणी मेरीटाइम बोर्डाची, वीज वितरण कंपनीची. याच पाण्यावर जिल्हा परिषदेच्या लाँच आणि गाड्या पलीकडे नेणारा तराफाही चालतो. कांदाटी आणि सोळशीच्या खोऱ्यांतल्या लोकांचा तो रस्ताच आहे. प्लग एकदा आला की फायदा फक्त पर्यटकांना होणार नाही. तराफ्यासारखं ठरलेल्या दोन काठांमधलं, संथ काम तर विजेला सगळ्यात सोपं.

बव्हेरियात राजप्रतिनिधीने शिकारीसाठी शांतता मागितली आणि ती मिळाली. इथे पलीकडच्या काठावर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वाघाला शांतता हवी असं आपण कागदावर मान्य केलेलंच आहे. माथेरानला मोटारींना मनाई असताना २०२२ मधे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालू झाल्या. आधी परवानगीची गाठ सुटली, मग गाड्या आल्या. शिवसागरावर ती गाठ धक्क्यावरच्या प्लगची आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बोटींना अनुदान, उद्घाटन, रंगीत पॅनेलचे फोटो हे सगळं नंतर. पहिल्या हंगामात बामणोलीला एक तरंगता धक्का आणि पाच प्लग द्या, आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा त्यांत वीज राहील याची हमी द्या. बोट कुणी घ्यायची, किती युनिटांची बॅटरी बसवायची, तिकीट किती लावायचं हे बोटवाले ठरवतील. लिटरचा भाव आणि युनिटचा भाव शेजारी शेजारी मांडून बघायला त्यांना माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गरज नाही.